हर्लिंग बघायला शिकायचंय? जो मॅकडोना करंडकाचा पहिला मोसम हाताशी धरा

हर्लिंग म्हणजे हर्ली नावाच्या लाकडी काठीने चेंडू मारायचा आयरिश मैदानी खेळ, एका संघात पंधरा जण. आयर्लंडात नव्याने आलेल्या मराठी माणसाला ऑफिसातला कोणीतरी हमखास सांगतो, ‘हर्लिंगची ऑल-आयर्लंड फायनल चुकवू नकोस.’ बिचारा टीव्ही लावतो. पंधरा मिनिटं चेंडू नक्की कुठे आहे तेच कळत नाही, मग निमूटपणे क्रिकेटचे हायलाइट्स लावतो. माझं ऐकाल तर सुरुवात शिखरावरून करूच नका. दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेपासून करा, आणि त्यातही २०१८ पासून, म्हणजे जो मॅकडोना करंडकाच्या पहिल्या वर्षापासून. सहा संघ, साखळीचे पंधरा सामने आणि एक फायनल. एका वहीत मावेल एवढा मोसम आहे, पण कोण वर चढतो, कोण खाली घसरतो आणि वर गेलेल्याचं पुढे काय होतं, ही सगळी भानगड त्यात आलेली आहे.

मी कार्लोत राहते, औषधांच्या कारखान्यात लॅबमध्ये काम करते, माहेर बार्शीचं. मुलगा इथल्या क्लबात दहा वर्षांखालच्या गटात हर्ली फिरवतो. तेव्हा खाली कार्लोच्या पारड्यात थोडं जास्त पडलेलं दिसलं तर चालवून घ्या.

आधी शिडी समजून घ्या

इथे खेळाडू विकत घेतले जात नाहीत. जो ज्या गावचा, तो त्या गावच्या क्लबाचा, आणि निवड झाली तर त्या काउंटीचा (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा). पगार कोणालाच नाही. रविवारी डब्लिनच्या भल्यामोठ्या क्रोक पार्क मैदानावर खेळलेला पोरगा सोमवारी शाळेत गणित शिकवत असतो. १८८४ मध्ये थर्ल्स गावात सुरू झालेली जीएए (गेलिक ॲथलेटिक असोसिएशन) ही संस्था हा सगळा कारभार बघते.

सगळ्यात वरचा करंडक लिअम मॅकार्थी, म्हणजे ऑल-आयर्लंड विजेत्याला मिळतो तो. २००५ मध्ये जीएएने त्याच्या खाली पायऱ्या बांधल्या. दुसऱ्या दर्जाला क्रिस्टी रिंग करंडक, त्याखाली निकी रॅकार्ड. सप्टेंबर २०१७ च्या विशेष अधिवेशनात वरच्या मजल्याची रचना बदलली: मन्स्टर प्रांतात पाच संघ, लेन्स्टरमध्ये पाच, आणि दोन्हीकडे साखळी. ज्या काउंट्या या दहांत बसत नव्हत्या, पण क्रिस्टी रिंगमध्ये ठेवायला जास्तच तगड्या होत्या, त्यांच्यासाठी मधे एक नवी पायरी घातली. क्रिस्टी रिंग आपोआप तिसऱ्या दर्जाला सरकला.

नव्या करंडकाला नाव मिळालं जो मॅकडोना यांचं. ते गॉलवेचे खेळाडू, १९९७ ते २००० जीएएचे अध्यक्ष, २०१६ मध्ये वारले. १९८० साली गॉलवेने ५७ वर्षांनी ऑल-आयर्लंड जिंकलं, तेव्हा स्टँडवर उभं राहून माइकवर त्यांनी गाणं म्हटलं होतं. इथल्या साठीच्या माणसाला नुसतं नाव सांगा, तो त्या गाण्यावरच येतो.

आपल्याकडे याला सगळ्यात जवळचं म्हणजे रणजीचा प्लेट गट. २०१०-११ मध्ये प्लेटमधून वर आलेल्या राजस्थानने बाद फेरीत मुंबईला घरी पाठवलं आणि करंडकच उचलला. कप्तान कोण, तर आपल्या पुण्याचा हृषीकेश कानिटकर. दुसऱ्या दर्जातल्या संघाला त्याच मोसमात वरच्यांशी भिडायची वाट ठेवली की काय होऊ शकतं, ते तेव्हा दिसलं होतं. अशीच वाट मॅकडोना करंडकातही ठेवली होती. तिच्याकडे शेवटी येते.

सहा संघ पाठ करा, नकाशासकट

२०१८ चे सहा: अँट्रिम, कार्लो, केरी, लीश, मीथ, वेस्टमीथ. प्रत्येकाचे पाच सामने, म्हणजे कोणाला घरी दोन आणि बाहेर तीन, कोणाला उलट. जिंकलं तर दोन गुण, बरोबरीला एक. पहिले दोन फायनलला.

केरी म्हणजे गेलिक फुटबॉलची काउंटी. हर्लिंग फक्त उत्तरेकडच्या टापूत, बॅलीडफ, लिक्सनॉ, कॉजवे अशा गावांत. तरी १८९१ चं ऑल-आयर्लंड हर्लिंग त्यांच्या नावावर आहे. लीशचं १९१५ चं. अँट्रिम अगदी उत्तरेला. तिथे हर्लिंग कुशेंडॉल, डनलॉय, लॉकगील या गावांचं. १९८९ मध्ये ते ऑल-आयर्लंड फायनलपर्यंत पोचले आणि टिपररीकडून हरले. त्या टिपररी संघात तीन बॉनर भाऊ होते. त्यांतला एक, कोल्म बॉनर, २०१८ मध्ये कार्लोचा मॅनेजर होता. असे धागे दिसायला लागले की तक्ता वाचायला मजा येते.

कार्लो लहानशी काउंटी, आणि हर्लिंग तीही दक्षिणेकडच्या भागात, बॉरिस आणि सेंट मुलिन्सच्या बाजूला. काउंटी दुसऱ्या दर्जात, पण बॉरिसच्या माउंट लेन्स्टर रेंजर्स क्लबाने २०१३ मध्ये लेन्स्टरचं क्लब विजेतेपद मिळवलं होतं, आणि २०१४ च्या सेंट पॅट्रिक्स डेला ते क्रोक पार्कवर ऑल-आयर्लंड क्लब फायनल खेळले. पोर्टुम्नाने हरवलं, ती गोष्ट वेगळी. त्यामुळे ‘दुसऱ्या दर्जाचे म्हणजे कच्चे’ हे डोक्यातून काढून टाका. कमी असतात ती माणसं: पहिले पंधरा चांगले असतात, सोळाव्यापासून पंचविसाव्यापर्यंतचे शोधावे लागतात.

रंगांची एक सूचना. केरी आणि मीथ दोघांचे हिरवे-सोनेरी, त्यामुळे दोघं समोरासमोर आले की तिकिटावर नाव वाचूनच बाजू ठरवा. कार्लो लाल-हिरवा-पिवळा, वेस्टमीथ मरून-पांढरा, लीश निळा-पांढरा. अँट्रिमचा भगवा. होय, आपलाच भगवा. आमच्या कार्लोच्या मैदानावर भगवे झेंडे घेऊन माणसं आली की माझ्या नवऱ्याची निष्ठा डळमळते.

अँट्रिमच्या घरच्या सामन्याला जायचं मनात असेल तर ते उत्तर आयर्लंडात आहे, हे ध्यानात ठेवा. रस्त्यावर चौकी नाही, बस सरळ जाते, पण भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा लागतो. इथलं रहिवासाचं कार्ड तिथे चालत नाही.

स्कोअर वाचायचा कसा

चेंडू गोलखांबांच्या आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन. दांडीवरून, दोन खांबांमधून गेला तर पॉइंट, म्हणजे एक. २-२६ याचा अर्थ दोन गोल आणि सव्वीस पॉइंट. बेरीज बत्तीस. ही बेरीज लिहून मिळेलच असं नाही, ती तुम्हीच करायची.

२०१८ ची फायनल कार्लो २-२६, वेस्टमीथ १-२४. म्हणजे बत्तीस विरुद्ध सत्तावीस, पाचचा फरक. आता दुसरा हिशेब करा: एकूण त्रेपन्न वेळा चेंडू खांबांमधून गेला, आणि सामना सत्तर मिनिटांचा. सव्वा मिनिटाला एक! फुटबॉलसारखं ‘काही घडलं की सांगा’ म्हणून मोबाइलमध्ये डोकं घालून बसलात तर तीन पॉइंट हुकलेच समजा.

गोलखांबांपाशी पांढरे कोट घातलेले पंच उभे असतात, प्रत्येक टोकाला दोन. पॉइंटला पांढरा झेंडा, गोलला हिरवा. चेंडू म्हणजे स्लिटर, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा हलका, शिवण वर उचललेली. तो उंच गेला की दिसत नाही. सुरुवातीला त्याचा नादच सोडा आणि पांढऱ्या कोटाकडे बघा. दोन्ही हात आडवे हलले तर वाइड, म्हणजे चेंडू खांबांबाहेर गेला. खाली वाकून झेंडा उचलला तर खूण करा.

वही ठेवाच

शाळेची दुरेघी वही चालेल. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे यजमान, उजवीकडे पाहुणे. पॉइंटला उभी रेघ, गोलला गोळा. फ्रीवरून, म्हणजे समोरच्याच्या फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फटक्यावरून, आलेल्या पॉइंटच्या रेघेवर टिंब. वाइडला फुली. बाजूला मिनिट लिहायची गरज नाही, पण दर दहा मिनिटांनी आडवी रेघ मारा. मध्यंतराला पान बघितलं की सामना उलगडतो. एका बाजूच्या रेघांवर टिंबंच टिंबं दिसली, तर समोरचा बचाव फाउल करतोय, आणि या संघाकडे एक भरवशाचा फ्री मारणारा आहे पण हलत्या खेळातून पॉइंट येत नाहीत. फुल्या जास्त असतील तर संधी मिळतायत, वाया जातायत. दुसऱ्या दर्जात हा फुल्यांचा हिशेब फार बोलतो.

वही फक्त हौस म्हणून सांगत नाही. २०१६ मध्ये, जेव्हा क्रिस्टी रिंग हाच दुसरा दर्जा होता, त्याची फायनल क्रोक पार्कवर मीथ आणि अँट्रिममध्ये झाली. मीथ एका पॉइंटने जिंकल्याचं जाहीर झालं, करंडक दिला गेला. नंतर सामना पुन्हा तपासला तर मीथच्या खात्यात एक पॉइंट जास्तीचा लागलेला निघाला. खरं तर बरोबरी होती. सामना परत खेळवला, आणि तोही मीथने एकाच पॉइंटने घेतला. बोर्डावरचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. शेजारच्या म्हाताऱ्यांच्या हातात पेन्सिल असते ती उगाच नाही.

साखळीचा तक्ताही स्वतः करा. दोनच संघांचे गुण सारखे झाले तर त्यांचा आपापसातला निकाल बघतात. तीन सारखे झाले तर गुणफरक, म्हणजे तुम्ही वर काढलेल्या बेरजांचा फरक. म्हणून हरलेला सामनासुद्धा शेवटच्या मिनिटाला चार ऐवजी एकाने हरावा म्हणून पोरं जीव काढतात. हे माहीत नसेल तर ‘आता कशाला धावतायत?’ असं वाटतं.

मैदानावर

क्रोक पार्कला ब्याऐंशी हजार माणसं बसतात. साखळीचे सामने तसे नसतात. कार्लोचं कलन पार्क, मलिंगारचं कुझॅक पार्क, पोर्टलीशचं ओ’मोर पार्क: एका बाजूला छप्पर असलेला स्टँड, समोर टेरेस म्हणजे उभ्याने बघायच्या काँक्रीटच्या पायऱ्या. पहिल्यांदा जाणाऱ्याने टेरेसवर जावं. पाऊस आला तर भिजाल, पण कठड्याशी उभं राहिलं की दोन हर्ली एकमेकांवर आपटल्याचा आवाज येतो, ॲश लाकडाचा, कोरडा आणि मोठा. कधी हर्ली मोडते, पळत कोणीतरी दुसरी आणून देतं, आणि खेळ थांबतच नाही. टीव्हीवर यातलं काही पोचत नाही.

दारातच कार्यक्रमपत्रिका विकत घ्या. २०१० पासून हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं, त्यामुळे चेहरे दिसत नाहीत; पाठीवरचा आकडाच ओळख. एक गोलकीपर. दोन ते चार शेवटची बचावफळी, पाच ते सात तिच्या पुढची. आठ-नऊ मधले. दहा ते बारा आणि तेरा ते पंधरा आक्रमण. सहाला अकरा भिडतो, तीनला चौदा. पहिल्या सामन्यात एवढ्या दोनच जोड्या बघा. बाकीचे सव्वीस जण काय करतायत ते सोडून द्या.

नियम चारच पाठ करा. जमिनीवरचा चेंडू हाताने थेट उचलता येत नाही, हर्लीने उडवून घ्यावा लागतो. हातात धरून चार पावलांपेक्षा जास्त धावता येत नाही. पुढे जायचं तर तो हर्लीच्या पात्यावर तोलत पळायचं. एका ताब्यात दोनदाच हातात घेता येतो. फेकता येत नाही, तळहाताने मारून द्यावा लागतो. सगळी शिट्टी या चार गोष्टींवरून आणि धक्काबुक्कीवरून वाजते. धक्काबुक्की कुठली चालते आणि कुठली नाही, यावर टेरेसवरची माणसं साठ वर्षं भांडतायत, तुम्ही त्यात पडू नका.

लक्ष ठेवायचंच असेल तर पक-आउटवर ठेवा. प्रत्येक वाइड आणि प्रत्येक स्कोअरनंतर गोलकीपर चेंडू मारून खेळ सुरू करतो. लांब उंच मारला तर सहा आणि अकरा हवेत हात वर करून झेपावतात, आणि कोणाच्या मुठीत येतो त्यावर पुढची मिनिटभराची दिशा ठरते. झेल घेतला की टेरेसवर गोलपेक्षा मोठी आरोळी उठते. वहीत त्यालाही खूण ठेवा, हवी तर.

खाण्याचं आपलं आपण न्यावं. गाडीत चहाचा फ्लास्क आणि हॅमचे सँडविच ही इथली रीत. शाकाहाऱ्याला चिप्सशिवाय फार काही मिळत नाही. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेते. मध्यंतराला लहान मुलं आपापल्या हर्ली घेऊन मैदानात घुसतात, कोणी अडवत नाही. तुमची मुलं असतील तर एक छोटी हर्ली बरोबर ठेवा. नसेल तर मुलगा घरी जाईपर्यंत तोंड फुगवून बसतो.

शेजारी रेडिओ कानाला लावलेला कोणी दिसला तर त्याच्याजवळ उभे राहा. शेवटच्या फेरीत तर नक्कीच, कारण दुसऱ्या मैदानावरचा निकाल तुमच्या मैदानावरच्या सामन्याचा अर्थ बदलत असतो.

बारीक अक्षरातले नियम

२०१८ चा विजेता पुढच्या वर्षी लेन्स्टरच्या वरच्या साखळीत जाणार, आणि लेन्स्टरचा शेवटचा संघ खाली येणार. केरी मन्स्टर प्रांतातली, तेव्हा केरी जिंकली असती तर तिला मन्स्टरच्या तळाच्या संघाशी आणखी एक सामना खेळून जागा मिळवावी लागली असती. मला हे कलम कधीच पटलं नाही. सहाही जण एकच शिडी चढतात तर एकालाच वर दाराशी परत कुस्ती कशाला?

खाली आला तो ऑफली. चार वेळा ऑल-आयर्लंड जिंकलेली काउंटी, शेवटचं १९९८ मध्ये. वीस वर्षांत दुसरा दर्जा. तळाचा मीथ क्रिस्टी रिंगमध्ये गेला. पाचव्या आलेल्या अँट्रिमला क्रिस्टी रिंगचा विजेता किल्डेअर याच्याशी खेळून आपली जागा राखावी लागली, आणि त्यांनी ती राखली.

फायनल आणि पुढचे सहा दिवस

फायनल १ जुलै २०१८, रविवार, क्रोक पार्क. त्याच दिवशी तिथेच नंतर गॉलवे आणि किलकेनीची लेन्स्टर फायनल होती, जी ०-१८ अशी बरोबरीत सुटली. मोठ्या सामन्याचं तिकीट काढलेली बरीच माणसं सावकाश येतात. तुम्ही तसं करू नका. अशा दिवशी दारं उघडायच्या सुमारास पोचा, खालच्या ओळी रिकाम्या असतात, आणि एका तिकिटात दुसऱ्या दर्जाची आख्खी फायनल जवळून मिळते. त्या वर्षी तर स्कोअर बघता पहिल्या सामन्यातच खेळ जास्त मोकळा झाला. लेन्स्टर फायनलमध्ये एकही गोल नाही, इकडे तीन.

कार्लो जिंकलं. आदल्याच वर्षी क्रिस्टी रिंग जिंकून आलेला संघ, म्हणजे लागोपाठ दोन वर्षं दोन करंडक.

आता ती वाट. फायनलमधले दोन्ही संघ, हरलेलासुद्धा, ऑल-आयर्लंडच्या उपांत्यपूर्व फेरीआधीच्या सामन्यात जात. समोर मन्स्टर आणि लेन्स्टरमधले तिसऱ्या क्रमांकाचे संघ. घरचं मैदान मात्र धाकट्यांना. वेस्टमीथकडे वेक्सफर्ड आलं आणि जिंकून गेलं. कार्लोकडे ७ जुलैला लिमरिक. रविवारी करंडक, शनिवारी लिमरिक, मधे सहा दिवस आणि त्यातले पाच कामाचे. निकाल लिमरिक ५-२२, कार्लो ०-१३. बेरीज करून बघा: सदतीस विरुद्ध तेरा.

त्या पानाकडे बघून ‘दर्जातला फरक’ असं म्हणणं सोपं आहे. पण तेच लिमरिक १९ ऑगस्टला गॉलवेला ३-१६ विरुद्ध २-१८ असं एका पॉइंटने हरवून १९७३ नंतर पहिल्यांदा ऑल-आयर्लंड विजेतं झालं. म्हणजे कार्लोच्या वाट्याला त्या वर्षीचा सगळ्यात भारी संघ आला होता. वाट ठेवली हे उत्तमच, पण सहा दिवस हा कंजूषपणा आहे असं माझं तेव्हाही मत होतं. दोन आठवडे द्यावेत.

माझ्या मताला पुढच्याच वर्षी लीशने सुरुंग लावला. २०१९ ची मॅकडोना फायनल त्यांनी वेस्टमीथविरुद्ध जिंकली, आठवड्याने, ७ जुलैला, पोर्टलीशमध्ये डब्लिन समोर आलं, आणि लीश १-२२, डब्लिन ०-२३. आता ही बेरीज तुम्हीच करा. त्याच मोसमात कार्लो लेन्स्टरमध्ये एकही गुण न मिळवता तळाला राहिलं आणि परत खाली आलं.

२०१८ चं पान जमलं की २०१९ चं घ्या. त्या वर्षी संघ पाचच होते, कारण कार्लो वर गेलं, मीथ खाली गेलं आणि आलं फक्त ऑफली. सामने कमी, तक्ता छोटा, आणि ऑफली तळाला का गेलं हे शोधायला एक संध्याकाळ पुरते.